बिऱ्हाड बाईच्या डोक्यावर, नाव मात्र कुणाचं?

(शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील महिला गटांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेलं भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)

मैत्रिणींनो,

आजचा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा मागच्या रांगेत हसू फुटलं. शिबिरात कायद्यावर बोलायचं, आरोग्यावर बोलायचं, मजुरीवर बोलायचं. आणि ही बाई म्हणे भांडीकुंडी कशी बांधायची ते सांगणार! हसा, हरकत नाही. पण मला एक सांगा, दिवाळी सरली की आपल्या पाड्यांवरच्या किती दारांना काट्या लागतात? भिवंडी, कल्याण, वसई, पनवेल अशा बाजूच्या वीटभट्ट्यांवर आपल्याकडची कातकरी, ठाकूर कुटुंबं निघतात ती पावसाच्या तोंडावर परत येतात. म्हणजे वर्षातून दोनदा घर उचलायचं आणि दोनदा मांडायचं. हे काम कोण करतं?

पुरुष शेठशी बोलतो, गाडी ठरवतो. बिऱ्हाड बांधते बाई. मीठ कुठल्या डब्यात आहे, नागलीचं बी कुठे टांगलंय, बाळाच्या डोसाचं कार्ड कुठल्या पिशवीत आहे, म्हाताऱ्या सासूसाठी किती दिवसांचा तांदूळ ठेवायचा, हे सगळं तिच्या डोक्यात असतं. या कामाला कुणी काम म्हणत नाही. आणि कागद काढून बघा. घर त्याच्या नावावर. उचल त्याच्या नावावर. भट्टीवर दोघं मिळून विटा पाडतात, हिशोब मात्र त्याच्या नावावर. बांधते ती, वाहते ती, आणि कागदावर ती कुठेच नसते.

म्हणून आज मी दोन गोष्टी एकत्र सांगणार आहे. सामान कसं बांधायचं, आणि ते बांधताना बाईचं नाव कुठे कुठे लावून घ्यायचं. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या की नुकसान आपलंच होतं.

भट्टीवर निघताना

एका गाडीत चार-पाच कुटुंबं, तीही बहुतेकदा रात्रीची. एका घराच्या वाट्याला गाडीचा एक कोपरा येतो. तेव्हा निघायच्या आठ दिवस आधी सामानाचे तीन ढीग करा. एक बरोबर न्यायचा, एक घरात ठेवायचा, एक दुसऱ्याकडे सोपवायचा. आदल्या रात्री बांधाबांध केली की नेमकं लागणारं मागे राहतं आणि नको ते गाडीत जातं.

बरोबर काय न्यायचं? तवा, एक मोठा टोप, एक लहान, परात, झाकणाचा हंडा, कोयता, विळी, गोधड्या, ताडपत्री, बॅटरी, तापाच्या नि जुलाबाच्या गोळ्या. आणि पहिल्या आठ दिवसांचा शिधा: तांदूळ, मीठ, मिरची, थोडी सुकट. या शिध्यावर मी मुद्दाम जोर देते. पहिली खर्ची हातात पडेपर्यंत जे काही विकत आणाल ते उधारीवर येतं आणि ती उधारी शेठच्या वहीत चढते. उचलीचं कर्ज तर आधीच डोक्यावर असतं. आठ दिवसांचा शिधा गाठीला असेल तर निदान पहिल्या दिवशी नवं कर्ज लागत नाही.

दोन जुनी लुगडी जास्तीची घ्या. घरातले म्हणतील, कशाला ही चिंध्यांची अडगळ? भट्टीवर न्हाणीघर नसतं, आडोसा नसतो. चार काठ्यांना लुगडं बांधलं की आंघोळीची सोय होते. पाळीच्या दिवसांतही तीच उपयोगी पडतात. बाईला काय लागतं ते बाईलाच ठाऊक, म्हणून न्यायच्या ढिगात काय जाणार हे तिनेच ठरवायचं.

भोंगा म्हणजे वाकून आत शिरायचं खोपटं. त्यात फळी नाही, कोनाडा नाही. जमीन ओलसर. धान्याचा डबा दोन विटांवर ठेवा. शिंकं आठवणीने न्या. भाकरी, कालवण, औषधं सगळं वर टांगलं की उंदीर-मुंग्यांपासून वाचतं आणि रांगत्या पोराच्या हाताला लागत नाही. चूल भोंग्याच्या बाहेर, वाऱ्याच्या आडोशाला मांडा. वर गवत, वर प्लास्टिक आणि आत चूल, यात पोरं होरपळतात.

आणि एक शाळेची वही घ्या. लिहिता येत नसेल तर पोरीकडून लिहून घ्या. उचल किती घेतली, कोणत्या तारखेला, दर आठवड्याला खर्ची किती मिळाली, रोज किती विटा पाडल्या. वहीवर नवऱ्याचं आणि तुमचं, दोन्ही नावं घाला. मुकादमालाही सांगा की जोडीचा हिशोब जोडीच्या नावाने लिही. हंगामाच्या शेवटी ‘अजून फिटलं नाही’ असं ऐकवतात, तेव्हा तोंडी बोलण्यापुढे ही वही उभी राहते.

फिटलं नाही म्हणून भांडी अडवून ठेवली, रेशनकार्ड काढून घेतलं, पोराला ठेवून जा म्हणाले, तर ते बेकायदा आहे. वेठबिगारी निर्मूलन कायदा १९७६ सालचा आहे. वेठीचं कर्ज त्या कायद्याने रद्द होतं आणि त्या कर्जापायी अडकवलेली मालमत्ताही मोकळी होते. हंडा आणि परात ही गरिबाची मालमत्ताच आहे. तक्रार तहसीलदाराकडे, प्रांताकडे करायची. पण काय अडवलं हे सांगता यायला हवं, म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर नेलेल्या सामानाची यादी लिहा.

कागद कसे ठेवायचे

आपल्या घरांत कागद कुठे असतात? गोधडीच्या घडीत, देवाच्या फोटोमागे, आढ्याला खोचलेल्या पिशवीत. पाऊस, धूर, वाळवी आणि उंदीर यांतून जे वाचतं ते आपलं.

कागदांचे दोन भाग करा. एक, बरोबर न्यायचे: आधारकार्ड, बँकेचं पुस्तक, बाळाचं लसीकरणाचं कार्ड, गरोदर बाईचं तपासणीचं कार्ड, शाळेत जाणाऱ्या पोरांचं शिक्षण हमी कार्ड. हे शेवटचं कार्ड पुष्कळांना ठाऊकच नसतं. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतल्या पोरांसाठी शाळेने ते द्यायचं असतं, म्हणजे भट्टीजवळच्या शाळेत पोराला बसता येतं आणि परत आल्यावर त्याचं वर्ष बुडत नाही. निघायच्या आधी गुरुजींकडून मागून घ्या, आणि अंगणवाडीतही सांगून जा. नव्वदीच्या दशकात विधायक संसदेने भट्ट्यांवरच भोंगाशाळा चालवल्या, त्या याच पोरांसाठी. तेव्हा शाळा भोंग्यात न्यावी लागली होती. आज जवळच्या शाळेत बसवून घेणं हा पोराचा हक्क आहे, आपण फक्त कार्ड विसरायचं नाही.

दुसरा भाग, गावात ठेवायचे: जन्माचे दाखले, जातीचा दाखला, घरपट्टीच्या पावत्या, वनहक्काच्या दाव्याचे कागद, जमिनीचे उतारे. हे भट्टीवर नेऊ नका. प्लास्टिकच्या पिशवीत घालून, तोंड घट्ट बांधून, पत्र्याच्या पेटीत ठेवा. पेटी जमिनीला आणि भिंतीला टेकू देऊ नका, वाळवी तिथूनच चढते. मूळ दाखल्यांना लॅमिनेशन करू नका. पुढे त्यावर शिक्का किंवा नोंद घ्यायची वेळ आली की पंचाईत होते. प्रत्येक कागदाची झेरॉक्स काढा आणि ज्या घरात फोन आहे त्यांनी फोटोही काढून ठेवा.

मागे राहिलेलं घर आणि मागे राहिलेली म्हातारी

धान्य ठेवून जाणार असाल तर भात कडकडीत वाळवा. दाताखाली दाणा कट्‌कन फुटला पाहिजे. कणगी शेणामातीने सारवून, वाळवून घ्या, खाली दगड किंवा लाकडाचे ओंडके ठेवा, तोंड लिंपून टाका. बियाण्यात चाळलेली राख आणि कडुनिंबाचा किंवा निरगुडीचा वाळलेला पाला घाला. आणि सगळं बी एका ठिकाणी ठेवू नका. थोडं आपल्या घरी, थोडं माहेरी, थोडं गटातल्या बाईकडे. एक घर गळलं, एका घरात उंदीर शिरले, तरी पेरायला बी उरतं. खताच्या गोणीत, औषधाच्या डब्यात खायचं धान्य कधीही भरू नका, कितीही धुतला तरी. फवारणीचं औषध धान्याच्या खोलीत ठेवू नका. ते उंचावर, कुलपात. पोरांसाठी सांगते आणि रागाच्या भरात बाटलीकडे हात जाणाऱ्या मोठ्या माणसांसाठीही सांगते.

कोंबड्या, शेळ्या वाट्याने ठेवतो आपण. ठेवताना चार माणसांसमोर बोला: किती दिल्या, पिलांचा वाटा कसा. नाहीतर परत आल्यावर भांडण ठरलेलं.

आता म्हातारीचं. घर राखायला म्हणून सासूला किंवा आईला मागे ठेवतात. कार्ड जातं पोराबरोबर आणि म्हातारी शेजारणीच्या भाकरीवर. हे थांबवता येतं. आता रेशन देशात कुठल्याही रास्त भाव दुकानातून घेता येतं. कार्ड बरोबर नेण्याची गरज नाही. कार्डाचा नंबर किंवा आधार नंबर सांगायचा आणि अंगठा लावायचा. भट्टीवरच्यांनी आपल्या वाट्याचं तिकडे घ्यावं, उरलेलं म्हातारीने गावात घ्यावं. म्हणून कार्ड म्हातारीजवळ ठेवा आणि नंबर लिहून बरोबर न्या. निघायच्या आधी घरातल्या प्रत्येकाचं आधार जोडलेलं आहे ना, केवायसी झालंय ना, हे दुकानात जाऊन बघा. म्हातारीच्या बोटाचे ठसे झिजलेले असतील तर तिची अडचण पुरवठा शाखेला आधीच लेखी द्या.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या वडीलधाऱ्या बाईचं नाव असतं. आणि सर्वोच्च न्यायालयाने २००३ सालीच आदिम जमातींना अंत्योदय कार्ड द्या असं सांगितलंय. कातकरी त्यात येतात. अंत्योदयला कार्डामागे ३५ किलो, प्राधान्य कार्डाला माणशी ५ किलो. आपल्या पाड्यावर कुणाकडे कोणतं कार्ड आहे, याची यादी तुमच्या गटाकडे आहे का?

नाव कुठे लावायचं

भट्टीवर सहा-सात महिने गेलात तरी घर तुमचंच राहतं. पण ते कागदावर दिसलं पाहिजे. ग्रामपंचायतीत घराची नोंद नमुना आठ मध्ये असते. तलाठ्याचा आठ-अ वेगळा, तो जमिनीचा, हा घराचा. नमुना आठला पती-पत्नी दोघांची नावं लावावीत, असं ग्रामविकास खात्याचं २००३ सालचं परिपत्रक आहे. ‘घर दोघांचं’ म्हणून तेव्हा पुष्कळ बोलबाला झाला. पण किती घरांवर खरोखर दोन नावं लागली ते आपल्या गावात जाऊन पाहा. नमुना आठ म्हणजे मालकीचा अखेरचा पुरावा नव्हे, पण नवरा वारला, त्याने दुसरी आणली, दिराने दार लावून घेतलं, तर ‘मी इथे राहते’ हे सांगणारा तो पहिला कागद आहे.

वनहक्काचा पट्टा मिळत असेल तर २००६ च्या कायद्यातच लिहिलंय की लग्न झालेल्यांचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे नोंदवायचा. घरकुल बाईच्या किंवा दोघांच्या नावे होतं. यात कुणी उपकार करत नाही.

ग्रामसभेच्या तारखा आठवा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर अशा रूढ आहेत. २६ जानेवारीला आपली माणसं भट्टीवर असतात, १ मेलाही बरीचशी तिकडेच. म्हणजे आपल्या हातात १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. नाव लावायचा अर्ज याच दोन सभांना टाकायचा. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते, तिच्यात ठराव लिहून घ्या आणि पोच घ्या.

आणि भांड्यांवर नाव! आपल्याकडे लग्नात भांड्यावर नाव कोरतात. कुणाचं? देणाऱ्याचं, नाहीतर नवऱ्याचं. हंडा घासते बाई आणि हंड्यावर नाव सासऱ्याचं. यापुढे पोरीला भांडं देताना दुकानदाराला सांगा, पोरीचं नाव घाल. चार अक्षरांचं काम आहे. भट्टीवर दहा घरांची भांडी मिसळली तरी आपली ओळखू येतील, आणि उद्या वाद झाला तर कुणाची ते ती अक्षरंच सांगतील.

घरकुलात जागा का पुरत नाही

कुडाच्या घरात माळा होता, पडवी होती, आढ्याला टांगायला जागा होती. घरकुल होतं २५ चौरस मीटरचं, म्हणजे २६९ चौरस फूट. पक्कं घर झालं याचा आनंद आहेच, पण कणगी कुठे ठेवायची? फाटी कुठे रचायची? बायका म्हणतात, घर मोठं दिसतं नि मावत काहीच नाही. कारण घर बांधताना गवंड्याशी बोलला पुरुष. कुठे काय ठेवतात हे त्याला कुठे ठाऊक असतं?

म्हणून स्लॅब पडायच्या आधी बाईने गवंड्याशी बोलायचं. स्लॅबमध्ये चार-पाच लोखंडी कड्या सोडायला लावा, शिंकं आणि पाळणा टांगायला. भिंत रचतानाच दोन कोनाडे आणि चुलीच्या बाजूला माळा घ्या. धूर जायला वरती जाळी ठेवा. मागच्या बाजूला पत्र्याची पडवी काढायला भिंतीत हूक ठेवा. फाटी, गोवऱ्या, कोंबड्यांचं खुराडं तिथे जातं. मोरीला दार लावा. हे सगळं आधी सांगितलं तर थोडक्यात होतं, नंतर भिंत फोडावी लागते.

अडगळीबद्दल शहरातली मासिकं सांगतात, वर्षभरात न वापरलेली वस्तू टाकून द्या. आपल्याला हा नियम नको. इरलं चार महिनेच लागतं, बियाण्याचा भोपळा वर्षातून एकदाच उघडतो, सूपटोपल्या हंगामाला लागतात. आपल्या घरात सामान लावायचं ते हंगामाप्रमाणे. पावसाळ्याचं सामान दसऱ्याला माळ्यावर, मळणीचं खाली. मृगाच्या आधी उलट. जे दोन पावसाळे हातात आलं नाही आणि दुरुस्तही होणार नाही, ते भंगारात द्या. भंगाराचे पैसे बाईने आपल्याकडे ठेवावेत, घर आवरलंय तिने.

पण तांब्या-पितळेचं भांडं भंगारात देताना दहा वेळा विचार करा. स्टीलचं चकचकीत भांडं घेऊन बदल्यात जुना हंडा देणाऱ्यांना त्या हंड्याची किंमत आपल्यापेक्षा चांगली कळते. अडीअडचणीला बाईच्या हातात उरणारी तीच तर ठेव असते.

धरण आणि रस्ता घर उठवतात तेव्हा

आतापर्यंत सांगितलं ते परत यायच्या बोलीवर निघण्याचं. आपल्या तालुक्यांना न परतण्याचं निघणंही ठाऊक आहे. तानसा धरण १८९२ साली झालं, मुंबईच्या पाण्यासाठी. मग मोडकसागर, भातसा. मुरबाडकडे बारवी. अलीकडे शहापुरातून समृद्धी महामार्ग गेला. त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला. पाणी मुंबईला जातं, रस्ता नागपूरला जातो, आणि उन्हाळ्यात आपल्या पाड्यांवर टँकरची वाट बघतात. मुरबाडच्या काळू धरणाचं काम २०११ साली वनखात्याच्या परवानगीविनाच सुरू झालं होतं, ते श्रमिक मुक्ती संघटनेने न्यायालयात जाऊन थांबवायला लावलं. विषय मधूनमधून पुन्हा डोकं वर काढतो. लढायचं की नाही हे गावाने ठरवायचं. शहापूर पूर्ण आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात आहे, तिथे ग्रामसभेची संमती लागते. पण लढा चालू असतानाही घराची नोंद पक्की असली पाहिजे, नाहीतर दोन्हीकडून मार.

पंचनाम्याला माणूस येतो तेव्हा पुरुष पुढे होतो आणि ‘कुडाचं घर, एक’ असं लिहून जातं. बाईने तिथे हजर राहायचं आणि मोजून द्यायचं: पडवी, गोठा, मोरी, विहीर, परसातला शेवगा, आंबा, मोह. प्रत्येक बाजूने फोटो. पंचनाम्याची नक्कल मागून घ्यायची. कोऱ्या कागदावर अंगठा नाही.

२०१३ चा भूसंपादन कायदा जिथे लागू होतो तिथे, घर उठलेल्या प्रत्येक कुटुंबाला सामान, बांधकामाचं साहित्य आणि गुरं हलवण्यासाठी एकरकमी ५०,००० रुपये वाहतूक खर्च आहे. शिवाय पुनर्वसन भत्ता ५०,००० रुपये, वर्षभर दरमहा ३,००० रुपये निर्वाहासाठी, गुरं असतील तर गोठ्यासाठी किमान २५,००० रुपये, आणि अनुसूचित क्षेत्रातून उठलेल्या आदिवासी कुटुंबाला आणखी ५०,००० रुपये. आणि आपल्यासाठी सर्वांत मोलाची ओळ: विधवा, घटस्फोटित आणि टाकलेल्या बायका ही वेगळी कुटुंबं धरायची. भावाच्या नाहीतर दिराच्या यादीत तिला ‘आश्रित’ म्हणून घालायचं नाही. आपल्या गावात अशा किती जणी आहेत? यादी सरकारने करण्याची वाट बघू नका.

बाई एकटी निघते तेव्हा

आता ज्या निघण्याविषयी आपण गुपचूप बोलतो त्याविषयी. मार सहन होत नाही म्हणून बाई रात्री पोराला कडेवर घेऊन निघते. अंगावरच्या साडीनिशी. दुसऱ्या दिवशी गटाकडे येते तेव्हा तिच्याजवळ ना आधार, ना पुस्तक, ना पोराचा दाखला.

ज्या घरात हात उगारला जातो तिथल्या बाईला आधीच सांगून ठेवा. झेरॉक्स विश्वासाच्या बाईकडे ठेव. आधार, बँक, रेशनकार्डाचा नंबर, पोरांचे दाखले, लग्नाचा फोटो किंवा पत्रिका, दवाखान्याचे केसपेपर, दागिन्याची पावती. दोन-तीन फोन नंबर कागदावर लिहून पोलक्यात ठेव. घरात बांधलेली पिशवी ठेवू नकोस, ती दिसली तर मार वाढतो. आणि जीवावर बेतलं तर काहीही न घेता निघ. ११२ पोलिसांचा, १८१ महिला मदतीचा. सामान मागून आणता येतं.

खरोखर आणता येतं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात न्यायदंडाधिकारी तिचं स्त्रीधन परत द्यायला लावू शकतात. तो कायदा तिला घरात राहण्याचा हक्कही देतो, घर कुणाच्याही नावावर असो. सासूच्या नावावरचं घरही त्यात येऊ शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितलंय. हा कायदा सगळ्या जातीधर्मांच्या बायकांना आहे. हिंदू वारसा कायदा आदिवासींना लागू नाही, म्हणून ‘तुला काही मिळायचं नाही’ असं बाईला घाबरवतात. इथे ते चालत नाही. खर्च परवडला नाही म्हणून विधी न करता संसार मांडलेली जोडपी आपल्याकडे आहेत. लग्नासारख्या नात्यात राहिलेली बाईही या कायद्यात येते.

स्त्रीधन म्हणजे नुसतं सोनं नव्हे. तिला मिळालेली भांडी, पेटी, शिलाई मशीन, शेळीसुद्धा. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ते फक्त तिचं असतं, सासरी ठेवलं म्हणून सासरचं होत नाही. त्याच वर्षीच्या हुंडाबंदीच्या नियमांत म्हटलंय की लग्नात मिळालेल्या वस्तूंची यादी करायची: वस्तू कोणती, अंदाजे किंमत, कुणी दिली, वधूवरांच्या सह्या. चाळीस वर्षं झाली, अशी यादी केलेलं लग्न तुम्ही किती पाहिलीत? यापुढच्या लग्नात आहेर लिहायला जो माणूस बसतो त्याच्याशेजारी गटाची एक बाई बसवा. पोरीच्या वस्तूंची यादी वेगळी लिहा, सह्या घ्या, एक प्रत माहेरी ठेवा.

गटाने काय करायचं

पहिलं, येत्या दसऱ्याच्या आत पाड्यावरच्या प्रत्येक घराची दोन पानी यादी. एका पानावर सामान, दुसऱ्यावर कागद. दोन प्रती, एक घरी, एक गटाकडे.

दुसरं, प्रत्येक पाड्यावर गटाची एक पत्र्याची पेटी. दोन कुलुपं, दोन वेगवेगळ्या बायकांकडे किल्ल्या. आत झेरॉक्स आणि याद्या. मूळ कागद बाईने स्वतः ठेवा म्हटलं तरच, आणि वहीत नोंद करून, तिला पावती देऊन. नवरा मागायला आला तरी तिच्या सहीशिवाय द्यायचा नाही. महिन्यातून एकदा पेटी उघडून ऊन दाखवायचं. ज्या भट्टीवर जाणार नाहीत अशा दोघींकडे ही जबाबदारी द्या.

तिसरं, कोणती कुटुंबं कोणत्या गावच्या भट्टीवर गेली आणि कुणाबरोबर, याची नोंद. काही अडलं तर शोधायला कुठे जायचं ते कळेल.

चौथं, २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला नमुना आठवर दोन नावं लावायचे अर्ज, एकटीदुकटीने नाही, पाड्याने एकत्र. आणि एकट्या बायकांचे अर्ज त्यांच्या एकटीच्या नावाने.

यातलं एकही काम अवघड नाही. ट्रंक लागते, वही लागते, झेरॉक्सचे थोडे पैसे लागतात. इतकी वर्षं आपण घर डोक्यावर घेऊन फिरतोय, बांधायचं कसं हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. या वर्षी बांधताना गाठोड्यावर आपलं नाव घालू. मग ते गाठोडं भट्टीवर जावो, पुनर्वसनाच्या वसाहतीत जावो की माहेरच्या ओट्यावर येवो, ते कुणाचं आहे हे विचारायची पाळी येणार नाही.